भक्तीच्या वाटेवरचा शीण

आमच्या भडगावहून भुसावळला जायचे म्हणजे आधी पाचोऱ्याला जाऊन गाडी धरावी लागते. जळगाव सुटले की थोड्याच वेळात भादली नावाचे एक लहानसे स्टेशन येते. पुष्कळ गाड्या तिथे थांबत नाहीत आणि प्रवाशांचेही तिकडे फारसे लक्ष नसते. मराठी कविता वाचणारा मनुष्य मात्र तिथे खिडकीबाहेर पाहिल्याशिवाय राहत नाही. ५ मे १९१८ रोजी याच भादलीला रेल्वेगाडीखाली सापडून त्र्यंबक बापूजी ठोंबरे, म्हणजे आपले बालकवी, गेले. जन्म धरणगावचा, मृत्यू भादलीचा; दोन्ही गावे आपल्या खानदेशातली. वय अवघे सत्तावीस.

पण आजचा माझा विषय बालकवी नव्हे. ज्यांनी या मुलाला आपल्या घरी ठेवून घेतले, पोटच्या मुलासारखे वागवले, त्या नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक या जोडप्याविषयी मला बोलायचे आहे. आणि त्यांच्या निमित्ताने एका अशा गोष्टीविषयी, जी धर्मोपदेशात फारशी ऐकू येत नाही. ती गोष्ट म्हणजे भक्ताला येणारा शीण.

हा विषय मला सुचला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थ्यामुळे. आज तो एका लहानशा मंडळीचा पाळक आहे. चार गावे, एक मोटारसायकल, घरी दोन मुले. परवा भेटला आणि म्हणाला, "सर, लोकांना धीर द्यायला जातो आणि माझाच धीर सुटतो. प्रार्थनेला बसतो, शब्दच फुटत नाही. हे कोणाला सांगायचीही चोरी. लोक म्हणतील, याचाच विश्वास गेला, हा आम्हांला काय सांगणार?" मी इतिहासाचा मास्तर. उपदेश करणे हे माझे काम नव्हे. पण त्याला म्हटले, बाबा रे, तुझ्याआधी याच वाटेने गेलेली माणसे थकली होती की नाही, एवढे आपण पाहू. ते पाहणे म्हणजेच हा लेख.

प्रथम हे ध्यानात घेऊ, की हे दुखणे नवे नाही. आपल्या भाषेत त्याला किती शब्द आहेत पाहा: शीण, थकवा, कंटाळा, उबग, वैताग. शीण रात्रीच्या झोपेने जातो. उबग जात नाही. तो सकाळी आपल्याबरोबरच उठतो. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात एकांतवासी ख्रिस्ती साधू राहत असत. त्यांपैकी इव्हाग्रियस नावाच्या साधूने या उबगाचे मोठे बारकाईने वर्णन करून ठेवले आहे. तो ३९९ साली वारला. त्याने याला दुपारचा सैतान म्हटले. सूर्य जागचा हलेनासा होतो, दिवस संपता संपत नाही, साधू पुन्हा पुन्हा खोलीबाहेर डोकावतो, कोणी भेटायला येतो आहे का ते पाहतो, आणि त्याला वाटू लागते की आपण दुसरीकडे कुठे असतो तर देवाची सेवा चांगली झाली असती. सोळाशे वर्षांपूर्वीचा हा मनुष्य, पण तुम्हां-आम्हांला ओळखीचा वाटतो की नाही?

आपल्या काळात याला शास्त्रीय नाव मिळाले. न्यू यॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात मन लावून काम करणारी माणसे काही महिन्यांतच रिती, चिडचिडी आणि उदास होतात, हे हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने पाहिले आणि १९७४ साली त्यावर लिहिले. ‘बर्नआउट’ हा शब्द तिथून रूढ झाला. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली मान्य केलेल्या आपल्या वर्गीकरणात त्याला जागा दिली. मात्र रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ताणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. यात ध्यानात ठेवण्याजोगे असे की, फ्रॉइडेनबर्गरने पाहिलेली माणसे कामचुकार नव्हती. ज्याने जीव ओतला, तोच रिता झाला होता.

जुन्या करारात एलिया संदेष्ट्याची गोष्ट आहे. कर्मेल डोंगरावर मोठा विजय मिळवून आलेला हा पुरुष, राणीच्या धमकीने रानात पळतो, रतामाच्या झुडपाखाली बसतो आणि मरण मागतो. आता अशा माणसाला देवाने काय सांगावे? तुमची-माझी अपेक्षा अशी, की त्याला त्याच्या अविश्वासाबद्दल चार शब्द ऐकवले जातील. तसे होत नाही. त्याला झोप येते. देवदूत त्याला उठवतो तो भाकर आणि पाणी देण्यासाठी. तो खातो आणि पुन्हा झोपतो. पुन्हा त्याला उठवून खायला घालतात. बोलणे होते ते त्यानंतर, पुष्कळ दिवसांनी, होरेब डोंगरावर. आणि त्या बोलण्याचा शेवट कसा? तू एकटा नाहीस, आणखी सात हजार आहेत. आणि तुझ्या मागून काम करायला अलीशा आहे, त्याला जाऊन गाठ. म्हणजे आधी भाकर आणि झोप, मग पुढच्या कामाचा ठरावीक वाटा, आणि मग सोबत. या तीन गोष्टी मनात धरून आता आपण महाराष्ट्रात येऊ.

१९०७ साली जळगावात पहिले मराठी कविसंमेलन भरले. अध्यक्ष होते डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. तिथे सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांनी कविता म्हटली आणि कीर्तिकरांनी त्यांना ‘बालकवी’ ही पदवी दिली. संमेलनाला रेव्हरंड टिळकही आले होते. त्यांनी या पोराला ओळखले, आणि पुढे ठोंबरे अहमदनगरला टिळकांच्या घरी राहिले. लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’त ठोंबऱ्यांविषयी ज्या मायेने लिहिले आहे, ते वाचले म्हणजे या घरात भाकर कशी वाढली जात होती हे कळते.

आणि हे घर काही सुखवस्तूंचे नव्हते. टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. लहानपणीच आई गेली, बापाचा स्वभाव कडक. मुलगा घर सोडून नाशकास आला, गणेशशास्त्री लेल्यांच्या हाताखाली संस्कृत शिकला. नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मनकर्णिका ही त्यांना १८८० मध्ये बायको म्हणून मिळाली, तीच लक्ष्मीबाई. मग नोकऱ्या धरायच्या आणि सोडायच्या, गावे बदलायची, खिशातला पैसा समोर येईल त्याला देऊन टाकायचा, असा हा संसार. १८९३ साली आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने त्यांना नवा करार दिला. पुढे दोन वर्षे त्यांच्या मनात घालमेल चालली, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

त्या दिवशी इकडे लक्ष्मीबाईंचे जे झाले त्याची कल्पना करा. सोवळ्याओवळ्यात वाढलेली बाई, पदरी लहान मुलगा, नवरा जातीबाहेर गेला. पुढची साडेचार-पाच वर्षे त्या आप्तांकडे राहिल्या, काही काळ पंढरपुरात, काही काळ नाशकात. टिळकांची पत्रे येत, कविता येत. शेवटी १८९९ साली त्या नगरला नवऱ्याकडे आल्या. आल्या त्या धर्म बदलून नव्हे. प्रथम त्यांनी आपला स्वयंपाक, आपले सोवळे वेगळेच ठेवले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. हळूहळू, स्वतःच्या विचाराने, जातिभेद माणसाने केला की देवाने, या प्रश्नाचा त्यांनी निकाल लावला आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला.

ही पाच वर्षे म्हणजे शिणाचीच वर्षे होती, दोघांचीही. पण मला त्यात एक गोष्ट फार मोलाची वाटते. टिळकांसारखा उतावळा मनुष्य, ज्याने आयुष्यात कशाची वाट पाहिली नाही, तो बायकोच्या बाबतीत पाच वर्षे वाट पाहत राहिला. आणि ती आल्यावरही, तिच्या वेगळ्या चुलीपुढे गप्प राहिला. धीर धरणे म्हणतात ते हेच. त्याला नेटाने पुढे ढकलण्याचे रूप नसते. पुष्कळदा ते थांबण्याच्या रूपाने येते.

पुढे टिळकांचे नाव झाले. नगरच्या धर्मशिक्षणाच्या विद्यालयात ते शिकवीत, १९०४ साली त्यांना दीक्षा मिळून ते रेव्हरंड झाले, १९१२ पासून त्यांनी ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन केले. मराठी मंडळीला मराठी वळणाची भजने दिली. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे, या माणसाला आता काय कमी? पण आतून त्यांना एक गोष्ट खुपत होती. ख्रिस्त इथल्या मातीतला वाटावा म्हणून आपण जन्मभर लिहिले, आणि आपण मात्र परदेशी मिशनचे पगारी नोकर! १९१७ साली, वयाच्या पंचावन्नाव्या-छप्पन्नाव्या वर्षी, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती.

टिळकांचा शिणावर उपाय हा असा. एका कामाचा उबग आला की त्यांनी दुसरे, अधिक मोठे काम काढायचे. पुष्कळ तेजस्वी माणसांचा हाच उपाय असतो. त्याने मन पेटते हे खरे. पण शरीर तेच राहते. दरबार उभा राहून दोन वर्षेही झाली नाहीत तोच, ९ मे १९१९ रोजी, टिळक मुंबईत वारले. भादलीची घटना ५ मे १९१८ ची. एक वर्ष आणि चार दिवस एवढेच अंतर.

त्यांच्या मागे एक मोठे काम अपुरे राहिले. येशूचे चरित्र ओवीबद्ध लिहावे, ज्ञानेश्वरी-भागवत ऐकणाऱ्या कानांना ते परके वाटू नये, अशी टिळकांची फार दिवसांची इच्छा. मराठीत याला एक फार जुना वडील आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्यात आला आणि १६१९ साली तिथेच वारला. त्या चाळीस वर्षांत त्याने इथली भाषा आत्मसात करून ‘ख्रिस्तपुराण’ हा ओवीग्रंथ रचला. १६१६ साली तो छापला गेला. स्टीफन्सनंतर बरोबर तीनशे वर्षांनी टिळक वारले, आणि त्यांच्या ‘ख्रिस्तायना’चे जेमतेम दहा अध्याय झाले होते.

आता पुढचे काम कोणी करावे? महाराष्ट्रात विद्वान कमी नव्हते. ते केले लक्ष्मीबाईंनी. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर, नवऱ्याच्या लहरीप्रमाणे, आज धडा तर उद्या खाडा अशी. टिळक गेले तेव्हा त्यांचे वय पन्नाशीचे. पुढे मुंबईस मुलींच्या वसतिगृहावर काम, मग मुलाबरोबर कराचीला बिऱ्हाड, नातवंडे, दुखणी-बाणी. या सगळ्यातून वेळ काढून त्यांनी ‘ख्रिस्तायना’चे चौसष्ट अध्याय रचले. दहा अध्याय पंडित नवऱ्याचे आणि चौसष्ट अध्याय शाळा न पाहिलेल्या बायकोचे! शेवट त्यांचे पुत्र देवदत्त यांनी केला आणि १९३८ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तोपर्यंत लक्ष्मीबाईही गेल्या होत्या. २४ फेब्रुवारी १९३६ ला.

वाचकहो, इथे क्षणभर थांबू. एकाच ग्रंथाला तिघांचे हात लागले: नवरा, बायको आणि मुलगा. पहिल्या दोघांपैकी कोणीही तो छापलेला पाहिला नाही. आता सांगा, टिळक थकले आणि काम टाकून गेले असे म्हणायचे, की काम पुढे गेले असे म्हणायचे? एलियाला जे सांगितले गेले तेच इथे घडले. तुझ्या मागून कोणी आहे, त्याला जाऊन गाठ. फरक एवढाच की टिळकांची अलीशा त्यांच्याच घरात, चुलीपाशी होती.

आणि लक्ष्मीबाईंना शीण आला नसेल काय? ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. ते पुस्तक उघडा. बालपणीचा धाक, सासरचा जाच, मुलांची मरणे, नवऱ्याची ताटातूट, दारिद्र्य, सगळे आहे. पण तक्रारीचा सूर कुठे सापडत नाही. स्वतःच्या फजितीवर त्या इतक्या मोकळेपणी हसतात की वाचणाऱ्याला आधी हसू येते आणि मग डोळे ओले होतात. १९५० साली जोसेफिन इंकस्टर यांनी त्याचे इंग्रजी भाषांतर केले. त्याचे नाव त्यांनी ‘आय फॉलो आफ्टर’ ठेवले. मी मागोमाग जाते, असा त्याचा अर्थ. मला हे नाव फार नेमके वाटते. टिळक पुढे धावत होते. लक्ष्मीबाई मागोमाग, आपल्या चालीने गेल्या. आणि शेवटी लांबचा पल्ला त्यांनीच गाठला.

आता नगरहून केडगावला येऊ. हे केडगाव दौंडजवळचे, पुणे जिल्ह्यातले. तिथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचे चरित्र आपणांस ठाऊकच आहे. म्हणून मी फक्त शिणापुरते सांगतो. १८५८ चा जन्म. दुष्काळात आई, वडील, बहीण डोळ्यांदेखत गेली. भाऊ श्रीनिवासबरोबर देशभर पायी फिरल्या. १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच साली बिपिनबिहारी दास यांच्याशी लग्न झाले, आणि १८८२ च्या आरंभी नवरा गेला. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्याही नव्हत्या; कडेवर मनोरमा. १८८३ साली इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मग अमेरिका, मग १८८९ साली मुंबईत ‘शारदासदन’. १८९३ साली पुण्यात त्यांच्यावर एवढे वादळ उठले की रानडे-भांडारकरांसारख्या सल्लागारांनी अंग काढून घेतले आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या.

याच रमाबाईंनी पुढे, १९०७ साली, आपली साक्ष लिहिली. तीत एक कबुली आहे, आणि ती देण्याला धैर्य लागते. बाप्तिस्म्यानंतर तब्बल आठ वर्षे आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण खुद्द ख्रिस्त मिळाला नव्हता, असा तिचा आशय. विचार करा. ज्या काळात सारा महाराष्ट्र त्यांच्या धर्मांतरावर तुटून पडत होता आणि सारे ख्रिस्ती जग त्यांचे कौतुक करीत होते, त्या काळात ही बाई आतून कोरडी होती. त्या कोरडेपणातही त्यांनी सदन उघडले, विधवांना जेवू घातले, शिकवले. जेव्हा मन भरून आले तेव्हाच काम करायचे असे त्यांनी ठरवले असते, तर शारदासदन निघालेच नसते. माझ्या त्या पाळक विद्यार्थ्याला मी हीच गोष्ट प्रथम सांगितली. प्रार्थनेत शब्द फुटत नाही म्हणजे विश्वास गेला, असे नव्हे. रमाबाईंची आठ वर्षे तशीच गेली.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन केडगावला आल्या. पुढे १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी आल्या. मुक्तीत तेव्हा सुमारे दोन हजार जीव होते. आपल्याकडे ज्याला छपन्नचा दुष्काळ म्हणतात तो हाच. वडीलधाऱ्यांच्या तोंडी त्याचे नाव अजून आहे. दोन हजारांची रोजची भाकर! एवढ्या व्यापात ज्याचे मन विटले नाही असा मनुष्य मला तरी माहीत नाही. पण रमाबाईंनी याच व्यापात बायबलाचे नवे मराठी भाषांतर हाती घेतले. जे भाषांतर चालू होते ते खेड्यातल्या बाईला कळत नाही, हे त्यांना सलत होते. त्यासाठी त्या उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. सुमारे अठरा वर्षे ते काम चालले. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या या पंडितेने भारदस्त शब्द मुद्दाम टाळले आणि साध्या बाईमाणसाची बोली धरली. छापखानाही मुक्तीतलाच, खिळे जुळवणाऱ्या हातही तिथल्याच बायकांचे.

अठरा वर्षे एखादे काम कसे चालते? उत्साहावर नाही चालत. उत्साह अठरा आठवडेही टिकत नाही. ते चालते रोजच्या वाट्यावर. आज एवढी पाने, उद्या तेवढी. ऐकू येईनासे झाले तरी पाने. बाहेर वाद उठले तरी पाने. जुलै १९२१ मध्ये मनोरमा गेली. चाळीस वर्षांची एकुलती एक मुलगी, जिच्या हाती सगळे सोपवायचे ती. त्यानंतरही रमाबाई मुद्रिते तपासत राहिल्या. शेवटची मुद्रिते तपासून झाली आणि थोड्याच काळात, ५ एप्रिल १९२२ रोजी, त्या झोपेतच गेल्या असे सांगतात. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडले ते १९२४ साली. त्यांनीही आपला ग्रंथ पुरा बांधलेला पाहिला नाही.

यावरून कोणी असे म्हणेल की, बघा, ही माणसे कशी शेवटच्या श्वासापर्यंत राबली. तुम्हीही तसेच राबा. मला तसे म्हणायचे नाही. किंबहुना उलटेच म्हणायचे आहे. थोरांची चरित्रे आपण अनेकदा थकलेल्या माणसाच्या पाठीवर चाबकासारखी वापरतो. तो बिचारा आधीच वाकलेला. त्याला आपण सांगतो, अधिक प्रार्थना कर, अधिक विश्वास ठेव. एलियाला असे कोणी सांगितले नाही. त्याला भाकर दिली.

शिवाय भाकर दिली, घर दिले, म्हणजे माणूस वाचतोच असेही नाही. टिळकांच्या घरी ठोंबऱ्यांना माया कमी पडली नाही. तरीही त्यांच्या शेवटच्या काळातल्या कवितांवर उदासीची छाया आहे. भादलीच्या त्या अपघातातून मी कसलाही बोध काढू इच्छीत नाही. तसा काढणे हे त्या तरुणावर अन्याय करणे होईल. एवढेच म्हणतो की, दुसऱ्याचा शीण ओळखणे सोपे नसते, आणि म्हणूनच तो बोलून दाखवणाऱ्याला आपण गप्प करू नये.

आमच्याकडे गिरणेच्या काठी कपाशीच्या रानात वखर चालू असतो तेव्हा पाहा. जाणता शेतकरी बैलाला सबंध दिवस एका दमात हाकत नाही. तास संपले की बांधाशी क्षणभर थांबतो, बैलांना दम खाऊ देतो. दुपारी औत सोडतो, पाणी पाजतो, वैरण टाकतो. जो हे करत नाही त्याचे रान पहिल्या दिवशी जास्त होते आणि चौथ्या दिवशी बैल बसतो. बसलेल्या बैलाला चाबूक मारणारा शेतकरी गावात शहाणा गणला जात नाही. मग थकलेल्या सेवकाला बोल लावणारा उपदेशक शहाणा कसा?

त्या विद्यार्थ्याला मी जे सांगितले तेच इथे सांगून आपली रजा घेतो. मी म्हटले, आधी झोप. चार गावांपैकी एका गावाला या आठवड्यात जाऊ नकोस. ते गाव बुडणार नाही. मग दिवसाचा एक लहान वाटा ठरव, रमाबाईंच्या पानांसारखा, मन लागो न लागो, तेवढा कर आणि तेवढाच कर. आणि तिसरे, हे सगळे तुझ्या बायकोला सांग. तो दचकला. म्हणाला, "सर, तिला काय सांगू? ती आधीच घरात दमलेली." मी म्हटले, टिळकांनाही तसेच वाटत असेल. पण चौसष्ट अध्याय कोणी लिहिले ते विसरू नकोस.

तो हसला. पुष्कळ दिवसांनी हसलो, असे म्हणाला. मग मोटारसायकलला लाथ मारून निघाला. दुसऱ्या गावाला नव्हे, घरी.